आश्रम सुटले, वर्ण राहिला

मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनुस्मृतीतला एक श्लोक निघाला आणि काही दिवस रान उठलं. 'अभिवादनशीलस्य नित्यं वृद्धोपसेविनः'. थोरामोठ्यांना नमस्कार करणाऱ्याचं, त्यांची सेवा करणाऱ्याचं आयुष्य, विद्या, यश आणि बळ वाढतं, एवढाच त्याचा अर्थ. यात वावगं काय, असं एक बाजू विचारत होती. मनुस्मृतीतलं काहीही मुलांपुढे नको, असं दुसरी बाजू म्हणत होती. महाडला ग्रंथ पुन्हा एकदा जाळला गेला. त्या गदारोळात श्लोकाच्या पुढचं पान उलटून दाखवण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

तो श्लोक दुसऱ्या अध्यायातला. मुंज झालेल्या बटूने गुरुघरी कसं वागावं, हा त्या अध्यायाचा विषय. म्हणजे हा उपदेश मुळात 'मुलांना' नाहीच, मुंज झालेल्या मुलांना आहे. तिथून सहा श्लोक पुढे गेलं की भेटीगाठीची रीत येते. ब्राह्मण भेटला तर 'कुशल' विचारावं, क्षत्रियाला 'अनामय', वैश्याला 'क्षेम', शूद्राला 'आरोग्य'. आणखी थोडं पुढे: दहा वर्षांचा ब्राह्मण आणि शंभर वर्षांचा क्षत्रिय यांना बाप-लेक समजावं, आणि त्यांतला बाप ब्राह्मण. लगेच पुढे, शूद्रही मानाला पात्र होतो, पण नव्वदी ओलांडली की. आता 'वृद्धोपसेविनः' मधला वृद्ध कोण ते सांगा. शंभरीच्या क्षत्रियाने दहा वर्षांच्या पोराला बाप मानायचं आणि शूद्राने म्हातारं म्हणून मान मिळवायला नव्वदी गाठायची, असं ज्या पुस्तकात आहे त्यात वयसुद्धा वर्णावर मोजलं जातं.

हे सांगण्याचं कारण असं की वर्ण आणि आश्रम ही जोडी आपण सोयीने फोडून ठेवली आहे. वर्ण म्हणजे लाजिरवाणी बाजू, तिच्याबद्दल फार बोलायचं नाही. आश्रम म्हणजे अभिमानाची बाजू, तिची व्याख्यानं द्यायची. 'जातीचं सोडा हो, पण आश्रमव्यवस्था बघा, माणसाच्या आयुष्याचा केवढा शास्त्रशुद्ध विचार केला होता आपल्या पूर्वजांनी!' हे वाक्य ज्येष्ठ नागरिक संघाच्या वर्धापनदिनापासून कॉर्पोरेट प्रशिक्षणापर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. शाळेच्या इतिहासात चार आश्रमांची नावं पाठ झालेलीच असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञान प्रणाली हा विषय विद्यापीठांत शिरला आहे, तेव्हा हे वाक्य आता परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही उतरेल.

माझं म्हणणं असं की ही फोड खोटी आहे. आश्रम ही वर्णाचीच अंमलबजावणी होती. आणि जेव्हा जेव्हा दोन्हींतलं एक सोडायची वेळ आली, तेव्हा शास्त्रकारांनी आश्रमाला सूट दिली आणि वर्ण आणखी घट्ट आवळला. हे कुणी तरी नंतर बिघडवलं असंही नाही. ग्रंथांत ते लिहून ठेवलं आहे.

मुंजीपासूनच सुरुवात करू, कारण ब्रह्मचर्याश्रमाचं दार तेच. ब्राह्मणाच्या मुलाचं उपनयन गर्भापासून आठव्या वर्षी, क्षत्रियाचं अकराव्या, वैश्याचं बाराव्या. आपस्तंब हा धर्मसूत्रकार ऋतूही वाटून देतो: ब्राह्मणाला वसंत, क्षत्रियाला ग्रीष्म, वैश्याला शरद. कमरेची मेखला ब्राह्मणाला मुंज गवताची, क्षत्रियाला मूर्वा वेलीच्या धाग्याची म्हणजे धनुष्याच्या दोरीची, वैश्याला तागाची. पांघरायला एकाला काळविटाचं कातडं, दुसऱ्याला रुरू नावाच्या हरणाचं, तिसऱ्याला बोकडाचं. हातातला दंड ब्राह्मणाचा बेलाचा किंवा पळसाचा आणि केसांपर्यंत उंच, क्षत्रियाचा वडाचा किंवा खैराचा आणि कपाळापर्यंत, वैश्याचा पिलूचा किंवा उंबराचा आणि नाकापर्यंत. रस्त्याच्या टोकाला पोरगं दिसलं की काठीच्या उंचीवरून त्याचा वर्ण कळावा, इतकी चोख व्यवस्था.

मग भिक्षा. आजच्या मुंजीत भिक्षावळीला बटू झोळी पुढे करून 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हणतो, आत्या-मावश्या लाडू आणि पाकिटं टाकतात, फोटो निघतात. मनुस्मृतीत या तीन शब्दांचे तीन क्रम आहेत. ब्राह्मण बटूने 'भवति' आधी म्हणायचं. क्षत्रियाने मध्ये: 'भिक्षां भवति देहि'. वैश्याने शेवटी: 'भिक्षां देहि भवति'. शब्द तेच, भीक तीच, पण दारात उभ्या राहिलेल्या पोराने तोंड उघडताच आतल्या बाईला त्याचा वर्ण कळला पाहिजे. आपण आजवर मांडवात जो ऐकत आलो तो यांतला पहिला क्रम. शूद्राच्या पोराला चौथा क्रम नाही, कारण त्याला झोळीच नाही. मुलीलाही नाही. स्त्रीचा विवाह हाच तिचा वैदिक संस्कार, पतीची सेवा हाच गुरुगृहीचा वास आणि घरकाम हीच अग्निसेवा, असं मनू त्याच अध्यायात सांगून मोकळा होतो.

पंचवीस-पंचवीस वर्षांच्या चार टप्प्यांची जी आखीव आकृती आपल्याला शिकवतात, तिचीही गंमत आहे. आयुष्याचे चार भाग मनूने केले हे खरं. पण तोच मनू तीन वेदांसाठी ३६ वर्षं गुरुघरी राहायला सांगतो. जमत नसेल तर त्याच्या निम्मी, नाहीतर चौथा हिस्सा, नाहीतर शिकून होईपर्यंत. पुरी ३६ वर्षं काढणारा आठव्या वर्षी गेला तर चव्वेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडेल. दुसरीकडे नवव्या अध्यायात तीस वर्षांच्या पुरुषाने बारा वर्षांची मुलगी करावी, चोवीसच्याने आठ वर्षांची, असं आहे. पंचवीसचा पाढा यात कुठेच बसत नाही. त्या बारा आणि आठ वर्षांच्या मुलींचा कोणता आश्रम चालू होता, हा प्रश्न ग्रंथाला पडत नाही.

त्याहून मोठी गोष्ट अशी की आश्रम हे मुळात टप्पे नव्हतेच. मनुस्मृतीच्या आधीच्या धर्मसूत्रांत, म्हणजे ख्रिस्तपूर्व शेवटच्या काही शतकांतल्या ग्रंथांत, ते पर्याय म्हणून येतात. वेद शिकून झालेल्या तरुणाने ठरवायचं: जन्मभर गुरूकडे राहायचं, घर मांडायचं, अरण्यात जायचं की भिक्षू व्हायचं. गौतम धर्मसूत्र हा विकल्प नोंदवतं आणि पुढे स्वतःचा कौल देतं की आचार्यांच्या मते आश्रम एकच, गृहस्थाचा, कारण वेदात स्पष्ट विधान त्याचंच आहे. बौधायन तर भलताच भडकलेला आहे. प्रल्हादाचा मुलगा कपिल नावाचा असुर होता, देवांशी स्पर्धा करताना त्याने हे भेद निर्माण केले, शहाण्याने त्यांना भीक घालू नये, असं तो लिहितो. ज्या चार आश्रमांना आपण सनातन म्हणतो, त्यांना एक धर्मसूत्रकार असुराची करणी म्हणतो! भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या तिन्ही मतांची नीट मांडणी केली आहे: समुच्चय, विकल्प आणि बाध. म्हणजे सगळे क्रमाने, किंवा कोणताही एक, किंवा गृहस्थाश्रमापुढे बाकीचे रद्द. काणे कोकणातले, उभं आयुष्य मुंबईत गेलं, पण मराठी घरांत त्यांचं हे काम कपाटातच राहिलं.

विकल्पाचा क्रम का झाला, हे त्या काळाकडे पाहिलं की कळतं. बुद्धाचा आणि महावीराचा संघ उभा राहिला होता आणि त्यांत कोणत्याही वर्णाचा माणूस तरुणपणीही जाऊ शकत होता. शिकलेसवरलेले तरुण बायकोपोरं टाकून मुंडन करत होते. जाबाल उपनिषद तर ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी निघावं म्हणतं. यज्ञ कोण करणार, दक्षिणा कोण देणार, पितरांना पिंड कोण देणार, शेतसारा कोण भरणार? कौटिल्याने याचा दंडच लावून ठेवला आहे. बायकामुलांची सोय न लावता संन्यास घेणाऱ्याला पूर्वसाहसदंड, म्हणजे दंडाच्या तीन पायऱ्यांतली पहिली. ज्याची कामशक्ती ओसरली आहे त्याने न्यायाधिकाऱ्यांना विचारून जावं, नाहीतर त्याला अडवावं. मनूने हेच काम दंडाऐवजी धर्माने केलं. ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणं फेडल्यावरच मन मोक्षाकडे लावावं, न फेडता लावलं तर अधोगती. संन्यासावर बंदी घातली नाही, तो फक्त म्हातारपणात ढकलला. ज्या वयात माणूस बंड करतो त्या वयात त्याला घराला बांधायचं आणि बंडाची ताकद संपली की जायला मोकळीक द्यायची. राजकारण म्हणून ही हुशारी अव्वल दर्जाची आहे, हे मी मान्य करतो.

आणि त्यातला एक विचार मला मनापासून आवडतो. अंगावर सुरकुत्या आल्या, केस पांढरे झाले आणि नातवंडाचं तोंड पाहिलं की गृहस्थाने अरण्याची वाट धरावी. सत्ता कधी सोडायची याची इतकी साधी खूण दुसरीकडे क्वचित सापडेल. पण ही खूण कुणी पाळली? आमच्याकडे साखर कारखान्याच्या अध्यक्षाला नातू झाला की तो अरण्यात जात नाही, नातवासाठी जिल्हा परिषदेचा गट शोधायला लागतो. महाभारतातही धृतराष्ट्र वनात जातो तो शंभर मुलं गमावल्यावर आणि भीमाचे टोमणे असह्य झाल्यावर.

हे चार आश्रम कुणासाठी, याचं सर्वांत उघड उत्तर वामनपुराणात आहे. ब्राह्मणाला चार आश्रम, क्षत्रियाला तीन, वैश्याला दोन, शूद्राला एक. क्षत्रियाला संन्यास नाही, वैश्याला वानप्रस्थही नाही आणि शूद्राने घरसंसार करावा म्हणजे झालं. महाभारताचं शांतिपर्व थोडं उदार आहे: सेवा पुरी केलेल्या, मुलंबाळं झालेल्या शूद्राला राजाची परवानगी घेऊन आश्रम मिळतात, पण संन्यास वगळून. परवानगी राजाची का? कारण शूद्र अरण्यात गेला की वरच्या तिघांच्या घरचा कामाचा माणूस गेला. रामायणाच्या उत्तरकांडातला शंबूक याच कलमाखाली रामाच्या हातून मारला गेला. त्याने चोरी केली नव्हती की खून केला नव्हता. ज्या वर्णाला तपाचा अधिकार नाही त्या वर्णात जन्मून तो तप करत होता, एवढाच आरोप. वर्ण एकीकडे आणि आश्रम दुसरीकडे असं मानणाऱ्याला शंबूकवधाचा अर्थ लावता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी हिंदू धर्मातल्या कोड्यांमध्ये चार आश्रमांवर एक स्वतंत्र कोडं लिहिलं आणि शूद्र व स्त्रिया यांना या व्यवस्थेबाहेर ठेवल्याचं दाखवून दिलं. ते लेखन त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने छापलं तेव्हा वादळ उठलं ते राम-कृष्णावरच्या मजकुरावरून, आश्रमांचं कोडं तसंच पडून राहिलं.

आता माझ्या मुख्य मुद्द्याचा पुरावा. मध्ययुगातल्या निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्राची वचनं संकलित करणाऱ्या पंडितांनी, कलिवर्ज्यांची यादी केली, म्हणजे पूर्वी शास्त्रसंमत असलेल्या पण कलियुगात करू नयेत अशा गोष्टींची. कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु १६१२ चा, त्यात हे प्रकरण आहे. बृहन्नारदीय आणि आदित्यपुराणाच्या नावाने जी वचनं या याद्यांत उद्धृत होतात ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. दीर्घकाळ ब्रह्मचर्य: वर्ज्य. वानप्रस्थाश्रम: वर्ज्य. संन्यास: एका प्रसिद्ध श्लोकात अग्निहोत्र, गवालंभ (यज्ञात गाय मारणं), श्राद्धातलं मांस आणि नियोग (दिराकडून संतती) यांच्याबरोबर तोही वर्ज्य. म्हणजे चारांतले तीन आश्रम शास्त्रानेच बासनात गुंडाळले. त्याच याद्यांत आणखी काय वर्ज्य आहे? द्विजाने दुसऱ्या वर्णाच्या मुलीशी लग्न करणं. मनूच्या काळी हलक्या वर्णाची बायको करायला नियमात वाट होती, ती बंद. आपला गुराखी, आपला अर्धेली करणारा कुळवाडी, घराण्याचा स्नेही असलेला शूद्र, यांच्या घरचं अन्न मनूला चालत होतं, तेही बंद. ब्राह्मणाच्या घरी शूद्राने स्वयंपाक करणं, बंद.

एकाच झटक्यात आयुष्याच्या तीन टप्प्यांतून माणसाला सूट आणि रोटी-बेटीवर नवं कुलूप. काळ बदलला म्हणून नियम सैल करावे लागतात, हे त्या शास्त्र्यांना कळत होतंच. कोणते सैल करायचे याची निवड त्यांनी केली. सत्ता, संपत्ती आणि घर सोडायला लावणारे नियम सैल झाले. दुसऱ्याला दूर ठेवणारे नियम कडक झाले. संन्यासाला पुढे अपवाद काढण्यात आला, कारण मठ चालू होते आणि यतींना झिडकारणं शक्य नव्हतं. तो अपवाद देवल या स्मृतिकाराच्या नावाने असा सांगतात: जोवर वर्णविभाग आहे आणि जोवर वेद चालू आहे, तोवर कलियुगातही संन्यास आणि अग्निहोत्र करावं. सर्वसंगपरित्यागाची मुदतसुद्धा वर्णविभागाच्या आयुष्यावर बेतली.

आपल्या मराठी मुलखात याचे दोन दाखले असे आहेत की ते एकत्र ठेवल्याशिवाय समजत नाहीत. पहिला आळंदीचा. परंपरा सांगते की आपेगावच्या विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला, घरी तरुण बायको असल्याचं गुरूला कळलं आणि गुरूने त्यांना परत संसारात धाडलं. चौथ्या आश्रमातून दुसऱ्यात. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई झाली आणि चौघं 'संन्याशाची पोरं' ठरली. वाळीत घर, मुंज नाही, पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणण्यासाठी वणवण, आणि आईबापांना देहान्त प्रायश्चित्त.

पण आश्रमांचा क्रम मोडणं एवढंच पाप असतं तर समर्थ रामदासांनाही शिक्षा व्हायला हवी होती. 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळालेला मुलगा गृहस्थाश्रम ओलांडून गेला, आणि आपण तीनशे वर्षं ते कौतुकाने सांगतो. आद्य शंकराचार्यांनीही मधले दोन आश्रम पाहिले नाहीत. टप्पे गाळून पुढे गेलेल्याला पूजा मिळते आणि मागे आलेल्याला शिक्षा, कारण मागे आलेल्याला मुलं होतात. संन्यास घेताच माणूस शिखासूत्र (शेंडी आणि जानवं) टाकून वर्णाच्या हिशेबातून बाहेर पडलेला असतो. आता त्याची मुलं कोणत्या वर्णाची? स्मृतिवचनांनी उत्तर दिलं की पतित संन्याशाची संतती चांडाळ. याज्ञवल्क्य तर संन्यासातून परतलेल्याला मरेपर्यंत राजाचा दास करतो. आश्रमाच्या गुन्ह्याला वर्णाची शिक्षा, आणि तीही पोरांना. आळंदीतल्या चार मुलांचा छळ हा काही गावगुंडांचा आगाऊपणा नव्हता, व्यवस्था पुस्तकाप्रमाणे चालल्याचा तो परिणाम होता.

दुसरा दाखला रायगडचा. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला, त्याच्या आधी काही दिवस शिवाजी महाराजांची मुंज लागली. वय ४४. क्षत्रियाच्या उपनयनाची कमाल मर्यादा बावीस, त्याच्या बरोबर दुप्पट. लग्नं झालेली, मुलं झालेली, संभाजीराजे सतरा वर्षांचे, स्वराज्य उभं झालेलं. तरी आधी व्रात्यपणाचं, म्हणजे मुंज वेळेत न झाल्याचं, प्रायश्चित्त, मग मौंजीबंधन, मग असलेल्या राण्यांशी समंत्रक विवाह पुन्हा, आणि मगच छत्र. दुसऱ्या आश्रमातल्या कर्त्या पुरुषाला पहिल्या आश्रमात नेऊन पुन्हा दुसऱ्यात आणलं. हे विधी करणारे गागाभट्ट काशीचे, घराणं मूळ पैठणचं, आणि निर्णयसिंधुकार कमलाकरभट्ट त्यांचे चुलते. विठ्ठलपंतांच्या बाबतीत उलटी पावलं म्हणजे महापाप, इथे उलटी पावलं म्हणजे राज्यप्राप्तीचा विधी. गागाभट्टांना मी दोष देत नाही; त्यांनी तोडगा काढला हेच त्या काळात खूप होतं. पण त्या मुंजीचं काम काय होतं ते पाहा. तिथे कुणी वेदाध्ययनाला बसणार नव्हतं. ब्रह्मचर्याश्रम म्हणजे तिथे क्षत्रियत्वाचा दाखला होता, आणि तो दाखला नसेल तर तलवारीने मिळवलेलं राज्यही शास्त्राला दिसत नव्हतं.

संन्यासाश्रम महाराष्ट्रात सक्तीने आणि काटेकोरपणे कुणाकडून पाळून घेतला गेला असेल, तर तो ब्राह्मण विधवांकडून. दर काही दिवसांनी न्हाव्यासमोर बसून केशवपन, अंगावर एकच लालसर जाडंभरडं आलवण, एकभुक्त राहायचं, जमिनीवर निजायचं, दागिना नाही, गोडधोड नाही, कुणाच्या लग्नकार्यात पुढे यायचं नाही. यतिधर्माची कलमं आणि ही यादी शेजारी ठेवा, बरीचशी जुळतील. फरक एवढा की यती साठीचा असायचा आणि स्वतःहून निघालेला, आणि ही पोर दहा-बारा वर्षांची असायची. यती दारात आला तर पाय धुऊन तीर्थ घ्यायचे, ही आडवी आली तर माणूस कामाला जायचा थांबायचा. आश्रमव्यवस्थेत स्त्रीला स्वतःचा आश्रम नव्हता, असं आपण म्हणतो. व्यवहारात तिच्या वाट्याला संन्यासाचे सगळे जाच आले आणि त्याचा मान व मोकळीक तेवढी वगळली. याच्याविरुद्ध १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने वस्तरा खाली ठेवला. शास्त्रार्थाच्या सभा जे करू शकल्या नाहीत ते, निदान एका पावलापुरतं, ज्यांना कोणताच वरचा आश्रम दिला नव्हता त्या माणसांनी केलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, आणि ते मी टाळत नाही: मूळ व्यवस्था गुणकर्मावर होती, जन्मावर नंतर गेली. छांदोग्यातला सत्यकाम जाबाल पुढे केला जातो. आईला बाप कोण ते सांगता आलं नाही, पोराने गुरूला खरं ते सांगितलं, गुरूने त्याला घेतलं. गोष्ट सुंदर आहे, पण तो गुरू, गौतम, तिथे काय म्हणाला? 'अब्राह्मण असं बोलू शकणार नाही.' खरं बोलणं हा गुण पाहून त्याने मुलगा कोणत्या कुळातला असेल याचा अंदाज बांधला. आणि गुणकर्म खरंच पाहायचे असते तर ते शिकून झाल्यावर पाहायला हवेत. इथे गुरूने एक अक्षर शिकवायच्या आधी, गर्भापासून आठवं की अकरावं वर्ष, पळस की खैर, 'भवति' आधी की मध्ये, हे सगळं ठरलेलं. गर्भापासून वर्षं मोजणाऱ्या शास्त्राला गुण केव्हा दिसणार?

दुसरं उत्तर असं येतं की ग्रंथ हे आदर्श होते, लोक तसे वागत नव्हते, मग ग्रंथांवर का चिडता? लोक तसे वागत नव्हते हे खरंच आहे, अर्धा लेख मी तेच सांगतो आहे. वानप्रस्थ कुणी पाळला नाही आणि कुणाचं काही बिघडलं नाही. रोटी-बेटीचा नियम मोडला तेव्हा मात्र पंचायत बसली, वाळीत टाकलं, ग्रामण्यं (जातीच्या हक्कांवरून वाद) झाली. आदर्शांतला कोणता हवेत राहिला आणि कोणता जमिनीवर उतरला, हे पाहिल्यावर 'आदर्श' या सबबीत फार दम उरत नाही. वारकऱ्यांनी याला आपल्या परीने उत्तर शोधलं होतं. त्यांनी आश्रमांची शिडी बाजूला ठेवली, प्रपंच करतच नाम घेता येतं म्हटलं, आणि शिंपी, कुंभार, माळी, कुणबी, महार यांची नावं संतांच्या यादीत आली. तरीही चोखोबा देवळाच्या बाहेरच राहिले.

म्हणून आश्रम शिकवायचेच असतील तर वामनपुराणातलं चार-तीन-दोन-एक आणि कलिवर्ज्यांची यादी त्याच धड्यात असावी, वेगळ्या प्रकरणात नाही. साठीला खुर्ची सोडावी, हा विचार ज्याला पटतो त्याने तो जरूर घ्यावा. त्यासाठी 'वर्णाश्रमधर्म' नावाच्या इमारतीचा जीर्णोद्धार करायची गरज नाही.

आणि गुणकर्माचा युक्तिवाद ज्यांना फार प्रिय आहे त्यांच्यासाठी कोल्हापूरची १८९९ ची एक हकिगत. कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात. पुरोहित मंत्र म्हणत होता ते वेदोक्त नव्हते, पुराणोक्त होते, म्हणजे शूद्रासाठीचे. सोबत असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी ते लक्षात आणून दिलं. ज्या घराण्याच्या मूळ पुरुषाची रायगडावर मुंज लावून क्षत्रियत्व सिद्ध केलं होतं, त्याच्या गादीवरचा राजा २२५ वर्षांनी पुन्हा शूद्र ठरला होता. कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, आता फक्त ब्राह्मण आणि शूद्र, असा शास्त्राधार दाखवण्यात आला. मराठी मुलखातले नामांकित विद्वान आणि वर्तमानपत्रं त्या वादात उतरली, पण महाराजांचे गुण काय आणि कर्म काय, याची चौकशी शास्त्र सांगणाऱ्यांना करावीशी वाटली नाही. शाहूंनी राजोपाध्यांचं वतन काढून घेतलं. पुढे १९२० मध्ये त्यांनी कोल्हापुरात वैदिक विद्यालय काढून मराठ्यांच्या मुलांना वेदमंत्र आणि पौरोहित्य शिकवायला घेतलं आणि पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठावर सदाशिवराव बेनाडीकर या शिकलेल्या मराठा तरुणाला क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवलं.